नो ड्यूज

हॉस्टेल सोडताना एक कागद हातात धरून दिवसभर फिरावं लागतं, हे फायनल इयरवाल्यांना सांगायला नको. लायब्ररीची सही, जिमखान्याची सही, मेसच्या सेक्रेटरीची सही, वर्कशॉपमधून 'याच्याकडे एकही व्हर्निअर बाकी नाही' अशी सही, आणि शेवटी रेक्टर सरांची. सगळ्यांनी 'नो ड्यूज' लिहून दिल्याशिवाय आपलं डिपॉझिट सुटत नाही. माझ्या रूमपार्टनरला गेल्या वर्षी फक्त एका स्टूलापायी तीन दिवस थांबवलं होतं. (स्टूल गच्चीवर सापडलं. कोणी नेलं ते सगळ्यांना माहीत आहे.)

हा लेख त्या कागदाबद्दल आहे आणि नाहीसुद्धा. झालं असं, की टी.ई.ला आपल्याला मॅनेजमेंटचा जो पेपर असतो त्यात सरांनी सेमिनारचे विषय रोल नंबरप्रमाणे वाटले. पुढच्या नंबरला 'टोयोटा', मागच्या नंबरला 'सिक्स सिग्मा', आणि मला काय, तर 'एका अर्थशास्त्रज्ञाची कारकीर्द : जगदीश भगवती'. मी म्हटलं, सर, बदलून द्या. सर म्हणाले, "वाच आधी." वाचलं. बारा स्लाइड केल्या, सतरा मिनिटं बोललो. शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला आणि मी फळ्यासमोर उभाच राहिलो. तो प्रश्न पुढे येईलच. त्याचं उत्तर मी अजून शोधतोय, आणि आता ते मला खरोखरच हवंय. का, तेही सांगतो.

पण आधी माणूस. भगवतींचा जन्म १९३४ सालचा, मुंबईतला. सिडनहॅम कॉलेज, मग केंब्रिजचं सेंट जॉन्स, मग अमेरिकेत एमआयटी, मग ऑक्सफर्ड. भाऊ पी. एन. भगवती पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. थोडक्यात, आपल्यासारखी मेसच्या डाळीत डाळ शोधणारी मंडळी नव्हेत. मीही आधी जरा नाक मुरडूनच वाचत होतो. मग त्यांचा १९५८ सालचा एक छोटासा लेख हाती लागला. वय असेल चोवीसच्या आसपास. म्हणजे आपल्यात दोन वर्षं केटीत अडकलेल्या सीनिअरएवढं!

त्या लेखातली कल्पना अशी : एखादा देश एखादी वस्तू जास्त पिकवायला लागला, ती जगाच्या बाजारात ओतली, आणि बाजार काही तेवढा वाढत नसेल, तर भाव इतका पडू शकतो की जास्त पिकवूनही देश आधीपेक्षा गरीब होतो. वाढ झाली, पण गरीब करणारी वाढ. अर्थशास्त्रात याला इमिझरायझिंग ग्रोथ म्हणतात.

मी हे रविवारी फोनवर अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, निफाड तालुक्यात साडेतीन एकर, त्यातला निम्मा कांदा. समजावलं, समजा शंभर क्विंटल झाला, भाव दोन हजार, दोन लाख आले. पुढच्या वर्षी सगळ्यांचाच चांगला आला, आपला एकशेतीस क्विंटल, पण भाव चौदाशे. किती झाले? अण्णांचा हिशोब माझ्या कॅल्सीपेक्षा फास्ट. "एक लाख ब्याऐंशी. मंग? हे समजायला तिकडं इलायतेत जावं लागतं का रे?"

आता खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी तंतोतंत एक नाहीत. अण्णांचा अनुभव एका शेतकऱ्याचा, भगवतींचं गणित अख्ख्या देशाचं. त्यात तो देश जगाचा भाव हलवण्याइतका मोठा असावा लागतो, आणि भाव पडला तरी गिऱ्हाईक फारसं वाढत नाही अशी वस्तू लागते. पण अण्णांच्या प्रश्नात दम होता. त्याचं माझं उत्तर असं की जे अण्णांना माहीत आहे ते दिल्लीत कोणी फाईलवर मांडत नाही, कारण फाईलवर मांडायला ते सिद्ध करावं लागतं. कधी होईल, कुठल्या अटीवर होईल आणि कधी होणारच नाही, हे सांगावं लागतं. आपणही बीम वाकतो हे आजीला माहीत असतं, तरी चार सेमिस्टर घालवतोच ना!

त्यांचं दुसरं काम मला अजून जास्त आवडलं, कारण ते चक्क मेकॅनिकलचं आहे. व्ही. के. रामस्वामींबरोबर १९६३ साली लिहिलेला लेख. सांगणं साधं : बिघाड देशाच्या आत असेल तर तो आतच, बिघाडाच्या जागीच दुरुस्त करा. सीमेवर जकात लावून किंवा व्यापार अडवून तो नीट होत नाही, उलट दुसरीकडे गळायला लागतं. गॅस्केट गेलंय आणि आपण टाकीचा मेन कॉक बंद करून बसतो. गळती थांबते, पण आंघोळही थांबते! पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमच्या बाबतीत आपल्या हॉस्टेलने गेली दोन वर्षं नेमकं हेच धोरण चालवलं आहे, रेक्टर सर रागावू नका.

आणि देशाने? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद. ती उठली मे २०२४ मध्ये, तीही शुल्क आणि किमान निर्यात किमतीची अट ठेवून. शहरातल्या माणसाला कांदा महाग पडतो ही अडचण खरी आहे, तिची थट्टा करायची नाही. मेसचं बिल आपणही भरतो. पण ती अडचण साठवणुकीची आहे, वाहतुकीची आहे, मधल्या हातांची आहे, गरिबाच्या खिशाची आहे. सगळी आतली. मग ती सीमेवर का सोडवायची आणि तिचा खर्च निफाडच्या माणसाने का भरायचा? हे माझं मत आहे, भगवती कांद्यावर काय म्हणाले ते मी वाचलेलं नाही. पण १९६३ चा तो लेख ज्याने कळून वाचला तो असा बंदीहुकूम काढताना निदान एकदा थांबेल, असं मला वाटतं.

हे सगळं चालू असताना भगवती कुठे होते? इथेच. ही गोष्ट मला आधी माहीत नव्हती. शिकून झाल्यावर १९६१ च्या सुमाराला ते परत आले, आधी दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक. त्या काळात तिथे के. एन. राज होते, अमर्त्य सेन होते. कल्पना करा स्टाफरूमची! आणि १९६८ ला भगवती एमआयटीला गेले. १९८० पासून कोलंबिया. मग परत आले नाहीत, म्हणजे नोकरीला.

पुढचं पटापट सांगतो, कारण ती यादी आहे आणि यादीला मजा नाही. १९७१ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचं एक नियतकालिक सुरू केलं. पॉल क्रुगमन या तरुण माणसाचा एक लेख तज्ज्ञांचे अभिप्राय विरोधात असतानाही भगवतींनी संपादक म्हणून १९७९ ला छापला. क्रुगमनना २००८ साली नोबेल मिळालं. स्वतः भगवतींचं नाव वर्षानुवर्षं चर्चेत. १९८२ मध्ये त्यांनी लायसन मिळवायला घातलेला वेळ, पैसा आणि वशिला यांना अर्थशास्त्रात नाव दिलं, 'थेट अनुत्पादक नफेखोरी' असं काहीसं मराठीत म्हणता येईल. (जर्नलवर सही घ्यायला एच.ओ.डी.च्या केबिनबाहेर अडीच तास उभं राहणं यात बसतं का, हा माझा प्रश्न सरांनी हसून टाळला.) १९९१ ते ९३ ते गॅटच्या महासंचालकांचे सल्लागार होते. दोन-दोन देशांनी आपापसात केलेल्या व्यापार करारांच्या गुंत्याला त्यांनी १९९५ मध्ये 'स्पॅघेटी बोल' म्हटलं. आपल्याकडे म्हणायचं तर शेवयांचं पातेलं, एक ओढली की सगळ्या येतात. २००० ला पद्मविभूषण.

एक मात्र पटापट सांगण्यासारखं नाही. १९७० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पद्मा देसाई यांनी मिळून भारताच्या औद्योगिकीकरणावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. आयातबंदी, परवाने आणि कोटा यांनी कारखाने उभे राहतात, पण ते महाग आणि सुस्त होतात, असा त्याचा सूर. पुस्तक आलं १९७० ला. परवान्यांची ती व्यवस्था मोडायला सुरुवात झाली जुलै १९९१ ला. मधली एकवीस वर्षं मोजा. आज हॉस्टेलमध्ये असलेल्या कुणाच्याही वयाइतकी!

आणि १९९१ ला ते मोडलं कोणी? इथे मला दुसरा माणूस भेटला. तोही सेंट जॉन्स, केंब्रिजचाच, त्याच वर्षांतला. तोही आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच अभ्यासक. त्याने ऑक्सफर्डला डॉक्टरेट केली ती भारताच्या निर्यातीवर, १९६४ ला पुस्तक काढलं, आणि म्हणणं काय, तर आपली निर्यात वाढूच शकत नाही हा निराशेचा सूर चुकीचा आहे. मनमोहनसिंग. ते पंजाब विद्यापीठात शिकवत होते, मग १९६६ ते ६९ संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाडमध्ये परदेशी, आणि १९६९ ला परत आले. कुठल्या पदावर? दिल्ली स्कूलमध्ये, आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक! एक जण १९६८ ला तिथून गेला आणि वर्षभरात दुसरा तिथे आला.

मग मनमोहनसिंग सरकारात शिरले. १९७१ पासून मंत्रालयात सल्लागार, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, योजना आयोग. म्हणजे जी व्यवस्था चुकीची आहे असं निदान निर्यातीपुरतं तरी ते १९६४ ला लिहून बसले होते, त्याच व्यवस्थेच्या खुर्चीवर त्यांनी बरीच वर्षं काढली. आणि १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं तेव्हा अर्थमंत्री म्हणून ते जागेवर होते. २४ जुलैचं बजेट त्यांनी वाचलं.

आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर जे वाद होतात त्यात हा मुद्दा नक्की निघतो. एक पार्टी म्हणते, जाणारे सगळे पळपुटे, सरकारी पैशावर शिकले आणि गोऱ्यांची गाडी ढकलायला गेले. दुसरी पार्टी म्हणते, इथे काय ठेवलंय, साडेतीन लाखांच्या पॅकेजवर हिंजवडीत ट्रॅफिकमध्ये सडायचं? मी दोन्ही पार्ट्यांतून आलटून पालटून बोललोय, चहा कोण पाजतोय त्यावर. पण ही दोन आयुष्यं शेजारी ठेवली की दोन्ही बाजू जरा पातळ वाटतात. गेलेल्याने लिहिलं नसतं तर राहिलेल्याकडे १९९१ ला तयार नकाशा कमी पडला असता. आणि राहिलेला वर्षानुवर्षं फायलींत बसला नसता तर गेलेल्याचं पुस्तक लायब्ररीत धूळ खात पडलं असतं. हां, पण यातून 'दोन्ही बरोबर, चला झोपा' असं काढायचं नाही. कारण दोन माणसं म्हणजे देश नाही. भगवती गेले आणि भारतावर लिहीत राहिले. आपल्यातले शंभर जातात तेव्हा किती जण नंतर इथल्या कुठल्याही गोष्टीवर चार ओळी तरी लिहितात?

आणि इथेच भगवतींची ती कल्पना येते, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. सत्तरच्या दशकात, म्हणजे स्वतः अमेरिकेत गेल्यावर, त्यांनी सुचवलं की गरीब देशातून श्रीमंत देशात जाणाऱ्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या तिथल्या कमाईवर काही वर्षं एक जादा कर असावा. तो श्रीमंत देशाने गोळा करावा आणि संयुक्त राष्ट्रांमार्फत गरीब देशांच्या विकासासाठी द्यावा. याला 'भगवती टॅक्स' असंच नाव पडलं.

लक्षात घ्या, हा जाण्यावरचा दंड नाही. सोव्हिएत रशियाने १९७२ मध्ये देश सोडणाऱ्यांकडून शिक्षणाचा खर्च वसूल करायला सुरुवात केली होती. ती दारात उभं राहून घेतलेली खंडणी होती. मेडिकलच्या मुलांचा बॉण्डसुद्धा त्याच जातीचा, थांब नाहीतर भर. भगवतींचं म्हणणं वेगळं : जा, खुशाल जा, कमव. कमावल्यावर दे. मला यातलं जे आवडलं ते हे की त्यात शिव्या नाहीत. देशद्रोही वगैरे काही नाही. जाणारा माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच बाजूला ठेवलाय आणि फक्त बिल मांडलंय. मेसच्या बिलासारखं. मेसचा सेक्रेटरी आपल्याला कधी 'तू कृतघ्न आहेस' म्हणत नाही, तो आकडा सांगतो.

तो कर कधी लागू झाला नाही. श्रीमंत देशांनी का गोळा करावा? आणि आपला प्राप्तिकर बघतो तो माणूस राहतो कुठे. बाहेर राहून बाहेर कमावलं की इथे काही नाही. अमेरिका आपल्या नागरिकांना जगात कुठेही असले तरी कर लावते, ते उदाहरण आहे, पण ते अमेरिकेलाच जमतं. पुढे २००३ च्या सुमाराला भगवतींचाही भर बदलला. लोक जाणारच, तेव्हा त्यांना धरून ठेवण्यापेक्षा बाहेरच्या लोकांशी नातं ठेवा, त्यांना हक्क द्या, त्यांच्याकडून घ्याही, असं ते लिहू लागले. गंमत बघा, डोक्यांच्या जाण्या-येण्यावर पैसे घ्यायची कल्पना शेवटी उचलली ती अमेरिकेने. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. फक्त ती जमा होते तिकडच्याच तिजोरीत. इकडे छदामही नाही!

आता सरांचा प्रश्न. माझी बारावी स्लाइड 'थँक यू' होती. सर म्हणाले, "कर राहू दे. तू भरशील का?" वर्ग हसला. मी पण हसलो, कारण तेव्हा माझा काही जायचा विचार नव्हता.

आता आहे. म्हणजे एका युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन आलंय, एम.एस.चं, आणि १५ एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. स्कॉलरशिप नाही. बँकेने तारण मागितलंय, म्हणजे साडेतीन एकर. त्यामुळे मी गेले दोन महिने माझंच बिल मांडून बसलोय. झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत एक रुपया फी नाही. या सरकारी कॉलेजात माझी निम्मी ट्यूशन फी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून येते (महाडीबीटीवर आली की येते, ते सोडा). हॉस्टेलचं वर्षाचं भाडं बाहेरच्या दोन महिन्यांच्या कॉट बेसिसपेक्षा कमी. बाकीचं कोणी भरलं? ज्याने काडेपेटीवरही टॅक्स भरला त्याने. त्यात अण्णाही आले, आणि आमच्या गावातली ती माणसंही, ज्यांची पोरं या गेटच्या आत कधी येणार नाहीत.

म्हणून माझं मत असं आहे : भरायला हवं. जाणाऱ्याने नक्कीच, पण हिंजवडीत जाणाऱ्यानेसुद्धा. कारण खरं म्हणजे गाव सोडून मी हॉस्टेलला आलो तेव्हाच पहिला ब्रेन ड्रेन झाला, आणि तेव्हा माझ्याकडे कोणी नो ड्यूज मागितलं नाही. सरकार हे वसूल करणार नाही, कायदा होणार नाही. आपण करू शकतो ते एवढंच : पहिल्या पगारापासून पाच वर्षं, पगाराचा एक टक्का. निम्मा या हॉस्टेलला, निम्मा ज्या शाळेत पाढे शिकलो तिला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी 'मिस यू हॉस्टेल' म्हणून जुने फोटो टाकणारे दोनशे जण आहेत. गच्चीवरचा सोलर हीटर दोन हिवाळे बंद आहे. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे ग्रुपवर कोणी तरी लिहायला पाहिजे होतं. मी लिहिलं, तर तीन अंगठे आले आणि एकाने 'गुड मॉर्निंग' टाकलं.

म्हणजे सर म्हणतात ते खरं असणार, की ऐच्छिक कर म्हणजे कोणीच न भरलेला कर. मी सुचवतो, नो ड्यूजच्या कागदावर सर्वात खाली एक ओळ वाढवा. सक्ती नको, डिपॉझिट अडवू नका. फक्त 'बाकी आहे' असं लिहून विद्यार्थ्याने स्वतः सही करायची, आणि तो कागद ऑफिसात फाईलला लावायचा. रेक्टर सरांना विचारलं. ते म्हणाले, प्रिन्सिपल सरांना अर्ज दे. अर्ज दिलाय.

आणि १५ एप्रिलचं काय? माहीत नाही. अण्णांचा उन्हाळ कांदा याच महिन्यात निघतोय. चाळीत भरायचा की मिळेल त्या भावाला काढायचा, हे त्यांचंही ठरत नाहीये. परवा फोन केला तेव्हा मी त्यांना हा लेख वाचून दाखवला, भगवती टॅक्सपर्यंत. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे तू गेल्यावर, जमीन आपली गहाण. हप्ता आपण भरायचा. आन् कर कोणाला देणार तू, सरकारला का मला?"

मी म्हटलं, अण्णा, रेंज जातेय, रात्री करतो.

रात्री केला नाही.